सगळे मलाच विचारतात, आणि मुलगा काहीच विचारत नाही

ऐरोलीहून एका ताईंचं चार पानी पत्र आलंय. इथे थोडक्यात देते. वय ४४. महापेच्या एमआयडीसीत एका कंपनीत १७ वर्षं नोकरी, त्यातली बरीचशी डिस्पॅचमध्ये. गेल्या जूनमध्ये खात्याच्या प्रमुख झाल्या, हाताखाली १४ माणसं. आता एचआरने सांगितलंय, "तुमच्यासाठी कोच नेमतोय, सहा महिने, तुमच्या लीडरशिपवर काम करायचंय. शुक्रवारपर्यंत कळवा." ताईंना ते लागलंय. "सतरा वर्षांत माझ्यामुळे एक शिपमेंट अडकली नाही, आणि आता माझ्यात काय कमी सापडलं?" घरी मुलगा बारावी सायन्सला, जेईई आणि सीईटी दोन्ही देणार. क्लाससाठी रोज लोकलने ठाण्याला, नौपाड्यात जातो. रात्री दोन-दोन वाजेपर्यंत जागा असतो. घरात बोलणं जवळजवळ बंद. सोसायटीतल्या एकांनी 'स्टुडंट कोच' सुचवलाय: तीन महिन्यांचे ४० हजार, आणि पर्सेंटाइल वाढवून देण्याची गॅरंटी. ताई विचारतात: कंपनीच्या कोचला हो म्हणू का, मुलासाठी कोच लावू का, आणि हे कोच नेमकं करतात तरी काय? सहीच्या आधी शेवटची ओळ आहे: "ऑफिसात सगळे मलाच विचारतात, आणि घरी मुलगा मला काहीच विचारत नाही. मी कुठे चुकतेय?"

ताई, नमस्कार.

तुमचं पत्र मी त्या शेवटच्या ओळीपासून पुन्हा वर वाचत गेले. तुम्ही तीन प्रश्न विचारलेत, पण मला ते एकाच प्रश्नाचे तुकडे वाटतात. ऑफिसात तुमच्याकडे उत्तर हमखास मिळतं, म्हणून माणसं येतात. घरी विचारायच्या आधीच उत्तर मिळतं, म्हणून मुलगा येत नाही. दोन्हीकडे विचार करायचं काम तुम्ही एकट्या करताय. तुम्ही थकलात हे पत्राच्या पहिल्या पानावरच दिसतं. साडेनऊला जेवायला बसल्यावर वाजणाऱ्या फोनबद्दल तुम्ही जे लिहिलंय, ते वाचताना मला वाईट वाटलं.

आधी तुमचा तिसरा प्रश्न घेते, कोच नेमकं करतात तरी काय, कारण त्याचं उत्तर स्पष्ट झालं की बाकीचं सोपं होतं.

आपल्याकडे 'कोचिंग' म्हटलं की डोळ्यांसमोर क्लास येतो. गोखले रोडवर किंवा राम मारुती रोडवर संध्याकाळी सहाला उभं राहिलं की पाठीवर सॅक घेतलेली पोरं एका जिन्यातून उतरतात आणि दुसऱ्या जिन्यात शिरतात, ते कोचिंग. तिथे ज्याला येतं तो शिकवतो आणि ज्याला येत नाही तो वहीत उतरवून घेतो. त्या कामाला मी कमी लेखत नाही, ते लागतंच. पण कोच म्हणून मी करते ते काम वेगळं आहे. 'कोच' हा शब्द मुळात हंगेरीतल्या त्याच नावाच्या एका गावाचा. तिथे बनणाऱ्या घोडागाड्या युरोपभर गाजल्या आणि गाडीलाच कोच म्हणू लागले. पुढे १८३० च्या सुमारास ऑक्सफर्डचे विद्यार्थी परीक्षेची तयारी करून घेणाऱ्या शिक्षकाला कोच म्हणायला लागले. म्हणजे नौपाड्यातला अर्थ काही चुकीचा नाही, तोच जुना आहे. मधल्या काळात खेळाच्या मैदानावर त्या शब्दाला दुसरी पालवी फुटली.

१९७० च्या दशकात अमेरिकेत टिमथी गॉलवे नावाचे टेनिस शिकवणारे प्रशिक्षक होते. त्यांच्या लक्षात आलं, की सूचना जितक्या वाढतात तितका शिकणारा आखडतो. रॅकेट असं धर, खांदा वळव, गुडघा वाकव, एवढं सगळं डोक्यात ठेवून कुणाला चेंडू मारता येत नाही. मग त्यांनी शिकणाऱ्याला एवढंच सांगितलं: चेंडू जमिनीवर पडला की मोठ्याने 'टप्पा' म्हण, रॅकेटला लागला की 'फटका' म्हण. बस. बाकी काही सुधारायचं नाही. लक्ष चेंडूवर गेलं, मनातली बडबड थांबली आणि हात आपोआप सुधारू लागला. ब्रिटनमध्ये जॉन व्हिटमोर आणि त्यांच्या बरोबरच्यांनी हीच रीत पुढे कंपन्यांमध्ये नेली. कुठे पोचायचंय, आज नेमकं काय आहे, काय काय करता येईल, आणि त्यातलं तू काय करणार, हा प्रश्नांचा क्रम आज बहुतेक कोच वापरतात तो तिथून आला.

माझ्या कामाचं मर्म त्या 'टप्पा-फटका'त आहे. समोरच्याला काय करायचं ते सांगायचं नाही. त्याचं लक्ष अशा जागी न्यायचं की जे आहे ते त्याला स्वतःला दिसेल. दिसलं, की तो हलतो. आणि जे त्याने स्वतः पाहिलेलं असतं ते तो विसरत नाही.

आता तुम्हाला लागलेला तो शब्द, 'कमी'.

ताई, ज्यांच्यावर खर्च करावासा वाटत नाही, अशा माणसासाठी कंपनी सहसा सहा महिन्यांचा कोच लावत नाही. मी ज्या खातेप्रमुखांबरोबर काम केलं, त्यातले बहुतेक तुमच्यासारखेच होते. कामात पक्के, म्हणून वर गेले, आणि वर गेल्यावर त्यांना कळेना की आता आपलं काम काय. काल गाडी वेळेत काढणं हे काम होतं. आज चौदा जणांना गाडी वेळेत काढता येणं, हे काम आहे. वरून बघणाऱ्याला दोन्ही सारखंच दिसतं. करणाऱ्याला मात्र सतरा वर्षांची सवय उलटी फिरवावी लागते. याला मी कमीपणा म्हणणार नाही.

तरीही एक गोष्ट तुमच्यापासून लपवणं बरोबर नाही. काही वर्षांपूर्वी मी एका कंपनीचं काम घेतलं. मधल्या फळीतले एक गृहस्थ, पन्नाशीचे. तीन भेटी झाल्या आणि मला कळलं, की त्यांना काढायचं आधीच ठरलं होतं. 'आम्ही संधी दिली होती' एवढं कागदावर दिसावं म्हणून मला बोलावलं होतं. ते माझ्याशी मन मोकळं करत होते, आणि मी नकळत त्या कागदाचा भाग झाले होते. मी आधी विचारायला हवं होतं, विचारलं नाही. त्याची खंत मला आजही आहे. तेव्हापासून पहिल्या भेटीआधी तिघांनी एकत्र बसल्याशिवाय मी काम सुरू करत नाही: जिच्यासाठी कोच आहे ती व्यक्ती, तिचे वरिष्ठ आणि मी. वरिष्ठांनी तिच्यासमोर सांगायचं, सहा महिन्यांनी काय वेगळं दिसावं अशी त्यांची अपेक्षा आहे. पाठीमागे नाही, समोर.

तुम्हीही हेच मागा. विचारा, 'हा कोच सगळ्या नव्या खातेप्रमुखांना आहे की मला एकटीला? माझ्यात कोणता बदल दिसला तर तुम्ही म्हणाल की पैसे सत्कारणी लागले? आणि कोचशी बोललेलं कुणापर्यंत जाणार?' या शेवटच्या प्रश्नावर अडून राहा. चांगला कोच किती भेटी झाल्या आणि कोणत्या उद्दिष्टावर काम चाललंय, एवढंच कंपनीला सांगतो. तुम्ही काय बोललात ते तुमच्या परवानगीशिवाय बाहेर जात नाही. हे लेखी असायला हवं. एचआरने टाळाटाळ केली, तर ते टाळणंच तुमचं उत्तर समजा.

कोच कोण आहे हेही बघा. आपल्या देशात डॉक्टर-वकिलांसारखा या व्यवसायाला परवाना लागत नाही. उद्या कुणीही पाटी लावू शकतं. इंटरनॅशनल कोचिंग फेडरेशन ही १९९५ साली सुरू झालेली संस्था तीन पातळ्यांवर प्रमाणपत्र देते. पहिल्या पातळीला किमान ६० तासांचं प्रशिक्षण आणि १०० तासांचा प्रत्यक्ष अनुभव लागतो, मधल्या पातळीला १२५ आणि ५००, सगळ्यात वरच्या पातळीला २०० आणि २,५००. प्रमाणपत्र आहे म्हणून माणूस चांगलाच असेल असं नाही, आणि प्रमाणपत्र नसलेले उत्तम कोचही मी पाहिलेत. पण विचारल्यावर जो चिडतो, त्याच्याकडे जाऊ नका.

आता तो रात्री साडेनऊचा फोन. तुम्ही लिहिलंय, "सुपरवायझरचा फोन आला, मॅडम, ट्रेलर अजून आला नाही, उरणला कट-ऑफच्या आत कंटेनर आत जायला हवा, काय करू? मी ताटावरून उठले, ट्रान्सपोर्टरला फोन लावला, दुसरी गाडी मागवली, परत सुपरवायझरला फोन केला. वरण गार झालं." हे इतकं ओळखीचं आहे! त्या वीस मिनिटांत काय झालं ते बघू. कंटेनर सुटला, हे खरं. पण सुपरवायझरने ट्रान्सपोर्टरशी बोलणं केलं नाही, दुसऱ्या गाडीचा दर ठरवला नाही, नाही म्हणण्याची वेळ त्याच्यावर आली नाही. त्याने एकच काम केलं, तुम्हाला फोन लावला. ते त्याला आता छान जमतं.

पुढच्या वेळी फोन आला, की तुम्ही विचारा, "तुझ्या मनात काय आहे?" आणि मग, ताई, खरी परीक्षा. गप्प बसा.

हे सांगायला सोपं आहे. मेरी बड रो नावाच्या अमेरिकन अभ्यासक होत्या. त्यांनी १९७० च्या आसपास विज्ञानाच्या वर्गांतली बोलणी ध्वनिमुद्रित करून तपासली. प्रश्न विचारल्यावर शिक्षक सरासरी किती थांबतात? साधारण एक सेकंद. तेवढ्यात उत्तर आलं नाही की ते दुसऱ्या मुलाकडे वळतात, प्रश्न बदलतात, नाहीतर उत्तर स्वतःच देऊन टाकतात. हाच वेळ तीन सेकंदांपर्यंत आणि त्याच्या पुढे नेला, तेव्हा मुलांची उत्तरं लांब झाली, 'माहीत नाही' कमी झालं, आणि जी मुलं एरवी बोलतच नसत ती बोलू लागली. तीन सेकंद! मी हे खातेप्रमुखांना सांगते तेव्हा त्यांना वाटतं, एवढंच ना? मग मी घड्याळ समोर ठेवून करून बघायला सांगते. दोन सेकंदांत त्यांचे ओठ हलायला लागतात.

वागळे इस्टेटमधल्या एका कारखान्यातल्या एका मॅनेजरबरोबर मी हे केलं होतं, तपशील थोडा बदलून सांगते. त्यांचा एक सुपरवायझर रोज सकाळी येऊन विचारायचा, "साहेब, आज कुठली मशीन आधी घेऊ?" त्यांनी एका सकाळी विचारलं, "तू कुठली घेशील?" तो म्हणाला, "तुम्ही सांगाल ती." ते गप्प राहिले. नंतर मला म्हणाले, "टेबलाखाली मी बोटं मोजत होतो. सातव्या बोटाला तो बोलला." काय बोलला? "खरं सांगू का साहेब, तीन नंबर आधी घ्यायला पाहिजे, तिचं बेअरिंग आवाज करतंय, दुपारी बसली तर ऑर्डर जाईल. पण तुम्ही नेहमी एक नंबर सांगता." बेअरिंगचा आवाज त्या माणसाला कित्येक दिवसांपासून ऐकू येत होता. कुणी विचारलंच नव्हतं.

मी या प्रसंगाचा पुष्कळ विचार केलाय. आपण म्हणतो की माणसं जबाबदारी घेत नाहीत. कित्येकदा त्यांच्या हातात ती जाईपर्यंत आपण थांबलेलो नसतो.

यात एक सांभाळायचं. ही रीत सगळीकडे चालवायची नाही. शॉप फ्लोअरवर गॅसचा वास आला, तर 'तुला काय वाटतं' विचारायचं नसतं. बाहेर काढायचं असतं. कालच लागलेल्या मुलाला चलान कसं भरायचं ते माहीत नसेल, तर त्याला दाखवा, शेजारी बसून करून घ्या. ज्याला येतच नाही त्याला प्रश्न विचारत बसणं हा त्याचा छळ आहे. तुमच्या चौदांपैकी कुणाला येतं पण धीर होत नाही, आणि कुणाला येतच नाही, हे तुम्हाला माझ्यापेक्षा चांगलं माहीत आहे. दोघांना वेगळं वागवा. आणि सुरुवात त्या साडेनऊच्या फोनने करू नका. तिथे कंटेनर अडकला तर तुमचा धीर सुटेल आणि सगळं परत पहिल्यासारखं होईल. सकाळच्या साध्या गोष्टींवर करा, जिथे चुकलं तरी संध्याकाळपर्यंत निस्तरता येतं.

आता मुलाकडे येते. हे लिहायला मी जास्त वेळ घेतला.

तुम्ही लिहिलंय, "मी रोज विचारते, तरी तो ताकास तूर लागू देत नाही." काय विचारता तेही तुम्ही प्रामाणिकपणे लिहिलंय: जेवलास का, क्लास झाला का, टेस्टचे मार्क आले का, उद्या काय आहे. ताई, ही हजेरी आहे. या प्रश्नांना 'हो', 'नाही', 'माहीत नाही' यापलीकडे उत्तरच नाही, आणि त्याचं प्रत्येक उत्तर तुमच्या चेहऱ्यावर बरं नाहीतर वाईट उमटतं. सतरा वर्षांचा मुलगा तो चेहरा वाचतो. पुढच्या वेळी तो उत्तर छोटं करतो, मग दार लावून घेतो.

यात तुमचा दोष नाही. आई मुलाची कोच होऊ शकत नाही, असं माझं स्पष्ट मत आहे. कोचला निकालाने फरक पडत नाही म्हणून त्याला शांतपणे ऐकता येतं. तुमचा जीव त्यात अडकलाय, अडकणारच. म्हणून तुम्ही कोच व्हायला जाऊ नका, आईच राहा. फक्त हजेरी घेणं कमी करा. आठवड्यातला एक प्रश्न पुरे, आणि तो असा, की ज्याचं उत्तर तुम्हाला खरंच माहीत नाही. 'या आठवड्यात कशाचा सगळ्यात जास्त कंटाळा आला?' असा काहीतरी. उत्तर मिळालं, की सल्ला नाही. एकही नाही. 'अच्छा' म्हणा आणि पोळी वाढा.

बाहेरचा कोच विद्यार्थ्याबरोबर काय करतो, हे एका उदाहरणाने सांगते. बारावीचा एक मुलगा माझ्याकडे आला होता. भौतिकशास्त्राचं पुस्तक घेऊनच आला, रोटेशनल डायनॅमिक्सचं प्रकरण तीन रंगांत रंगवलेलं. पिवळा महत्त्वाचं, गुलाबी फार महत्त्वाचं, हिरवा कशासाठी ते तो विसरला होता. म्हणाला, "चार वेळा वाचलंय, तरी टेस्टमध्ये येत नाही." मी पुस्तक पालथं ठेवलं आणि एक कोरा कागद दिला. म्हटलं, यातलं आठवेल ते लिही, सूत्र, आकृती, काहीही. चार मिनिटं पेन भरभर चाललं. मग थांबलं. कागदावर सहा ओळी आणि एक वर्तुळ, त्याला बाण. तो बराच वेळ त्या कागदाकडे बघत होता, मीही काही बोलले नाही. मग म्हणाला, "मला वाटत होतं हा चॅप्टर झालाय."

मी विचारलं, "झालाय, असं तू कधी म्हणशील?"

तो म्हणाला, "कोऱ्या कागदावर उतरला तर."

त्या दिवसापासून तो त्याचा नियम झाला. मला शास्त्र माहीत होतं. २००६ साली रोडिगर आणि कार्पिक या दोन मानसशास्त्रज्ञांनी कॉलेजच्या विद्यार्थ्यांवर प्रयोग केला. काहींनी उतारा पुन्हा पुन्हा वाचला, काहींनी वाचून झाल्यावर न बघता आठवून लिहिला. पाच मिनिटांनी परीक्षा घेतली तेव्हा वाचणारे पुढे होते. आठवड्याने घेतली तेव्हा आठवून लिहिणारे पुढे गेले. हे मी त्याला पहिल्याच मिनिटाला सांगू शकले असते. त्याने मान डोलावली असती, कारण क्लासमध्येही त्याला हे सांगून झालं होतं. पण त्या कागदावरच्या सहा ओळी त्याच्या स्वतःच्या होत्या.

सोसायटीतल्या त्या गृहस्थांनी सुचवलेल्या ४० हजारांबद्दल माझं उत्तर: नको. कारण पैसे नाही, 'गॅरंटी' हा शब्द आहे. जानेवारी २०२४ मध्ये केंद्राच्या शिक्षण मंत्रालयाने कोचिंग सेंटरांसाठी मार्गदर्शक सूचना काढल्या. त्यात सोळा वर्षांखालच्या मुलांना प्रवेश द्यायचा नाही असं आहे, आणि रँकची किंवा चांगल्या गुणांची हमी देऊन पालकांची दिशाभूल करायची नाही असंही आहे. त्या सूचना क्लासेससाठी आहेत, एकट्या-दुकट्या कोचसाठी नाहीत, पण मोजपट्टी म्हणून त्या अगदी योग्य आहेत. पर्सेंटाइल हा तुमच्या मुलाचा बाकी सगळ्या मुलांच्या तुलनेतला क्रम असतो. दुसऱ्यांची मुलं किती लिहितील याची हमी कुणी कशी देईल?

पुढे कधी मुलासाठी कोच बघायचा झाला, तर आधी त्याला विचारा, आणि तो नाही म्हणाला तर ते नाहीच असू द्या. आईने पाठवलं म्हणून आलेली मुलं माझ्यासमोर खुर्चीत बसून छताकडे बघतात, आणि मला ते बरोबर वाटतं. तो हो म्हणाला, तर पहिल्या भेटीत पंधरा मिनिटं तुम्ही असा, मग बाहेर जा. आत काय बोलणं झालं ते विचारायचं नाही. त्याच्या जिवाला धोका वाटला तरच कोच तुम्हाला सांगेल, हे त्याच्यासमोरच ठरवून घ्यायचं.

जिवाला धोका हा शब्द मी जपून वापरलाय, कारण तुमच्या पत्रातली रात्री दोनची गोष्ट मी विसरलेली नाही. तो जागा असतो म्हणजे अभ्यास करतो, की झोप येत नाही? जेवण कमी झालंय का? मित्रांचे फोन बंद झालेत का? ज्यात तो रमायचा त्यातलं सगळंच सुटलंय का? हे दोन आठवड्यांच्या वर चाललं असेल, तर ते कोचचं काम नाही, डॉक्टरांचं आणि समुपदेशकांचं आहे. कोच म्हणून मी हे अगदी ठासून सांगते. आमच्यातले काहीजण ही रेघ ओलांडतात आणि त्यात मुलांचं नुकसान होतं. तुम्हाला शंका आली, तर त्याला सरळ विचारा, 'जगणं नकोसं वाटतं का कधी?' असं विचारल्याने मुलाच्या डोक्यात नसलेला विचार शिरत नाही. उलट कुणीतरी विचारलं, याचाच आधार वाटतो. टेली-मानस ही सरकारी हेल्पलाइन ऑक्टोबर २०२२ पासून आहे, १४४१६ या नंबरवर, चोवीस तास, मोफत, मराठीतही बोलता येतं. ठाण्यातली आयपीएच ही संस्था १९९० पासून मानसिक आरोग्याचं काम करते, ऐरोलीहून लांब नाही. जायची गरज पडली तर लाज वाटू देऊ नका, त्यालाही आणि स्वतःलाही.

तुमच्या तिसऱ्या पानावर एक वाक्य तुम्ही जाता जाता लिहिलंय. "नववीपर्यंत थंडी सुरू झाली की बाबांबरोबर खाडीवर फ्लेमिंगो बघायला जायचा, आता दुर्बीण कपाटात पडलीय." चार पानांत त्याला काय आवडतं याबद्दलचं हे एकमेव वाक्य आहे. मार्क, क्लास, झोप, मोबाइल, सगळं आहे, आवड एवढीच. ठाण्याच्या खाडीला २०१५ मध्ये फ्लेमिंगो अभयारण्याचा दर्जा मिळाला, २०२२ मध्ये ती जगातल्या महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या रामसर यादीत गेली, आणि तुम्ही तिच्या काठावर राहता. पक्षी मेपर्यंत असतात. जानेवारीच्या जेईईआधी एका रविवारी सकाळी दोन तास गेले तर त्याचं काही बिघडणार नाही. पण 'चल' असं तुम्ही म्हणू नका. दुर्बीण काढा, काचा पुसा, आणि बाबांना जायला सांगा. त्याला यायचं असलं तर येईल. आला, तर तिकडे परीक्षेचा विषय काढायचा नाही, हे बाबांना बजावून सांगा. समोरासमोर बसून जे बोलता येत नाही, ते शेजारी उभं राहून एकाच दिशेला बघताना कधीकधी बोलता येतं. नाही बोलला, तरी पक्षी तर बघून होतील.

शुक्रवारी एचआरला उत्तर द्यायचंय ना? माझं मत, हो म्हणा. पण आधी ते तीन प्रश्न मेलवर पाठवा, तिघांची बैठक मागा, आणि उत्तर लेखी आलं की मगच होकार कळवा. कोचबरोबर पहिल्या भेटीला जाताना साडेनऊच्या फोनची गोष्ट घेऊन जा. 'माझं लीडरशिप सुधारायचंय' असं म्हणालात तर पहिले दोन तास शब्दांतच जातील. वरण गार झालं, तिथून सुरू करा.